तांबडेवाडीच्या पाण्याचा फोटो

कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्याच्या अंगाला एक बोळ होता आणि त्या बोळात फक्रुद्दीन कलईवाल्याचं फोटोचं दुकान होतं. आता तिथं काय आहे ते विचारू नका, सांगणाऱ्याचं डोकं फिरतं. खाली अंधारी खोली, मधे लाकडी जिना आणि वर माडीच्या छपराची कौलं काढून बसवलेल्या काचा. त्या काचांतून उतरणाऱ्या उजेडात शहरातल्या निम्म्या तालमींचे पैलवान दंड फुगवून बसून गेले, नवरानवरी एकमेकांकडं न बघता बसून गेली आणि म्हातारे आता शेवटचंच म्हणून दरवर्षी नव्यानं बसून गेले.

फक्रुद्दीनचे वडील शमशुद्दीन भांड्यांना कलई करायचे. पोरानं भाता सोडून हा काचेचा नाद धरला तेव्हा म्हातारा गल्लीभर सांगत सुटला, "मी काळ्याचं पांढरं करून पोट भरलं, आमचं लेकरू पांढऱ्याचं काळं करायला निघालंय." यात म्हाताऱ्याचं काही चुकत नव्हतं. धुतलेल्या काचेवर पांढरा फेटा काळा उमटतो आणि काळी मिशी पांढरी, हे त्यानं एकदा उजेडाला धरून बघितलं होतं आणि तोबा तोबा म्हणत काच खाली ठेवली होती.

दुकानाची एक रीत होती. जिन्याच्या तोंडाशी खुंटीवर एक काळा कोट लटकलेला असे, शेजारी जरीचा फेटा, आणि कोटाच्या खिशात घड्याळाची साखळी. साखळीला घड्याळ नव्हतं, पण ते फोटोत कुणाला दिसतंय? खेड्यातून आलेला माणूस आपली बंडी काढून तो कोट चढवायचा, साखळी छातीवर घ्यायचा आणि मग ताठ बसायचा. एकच कोट जिल्ह्यातल्या शेकडो भिंतींवर वेगवेगळ्या माणसांच्या अंगात लटकत होता. यात कुणाला फसवणूक वाटत नसे. फोटो काढायचा तो आहोत त्यापेक्षा बरं दिसण्यासाठी, ही गोष्ट गिऱ्हाइकालाही ठाऊक होती आणि फक्रुद्दीनला तर होतीच.

काचा धुवायच्या कामात त्याची बायको कुलसुम त्याच्या बरोबरीची. लाल कंदिलाच्या उजेडात तो काच औषधात बुडवायचा आणि ती परसातल्या आडाचं पाणी घागरीमागून घागर ओतत राहायची. एका काचेला किती पाणी लागतं हे ऐकून शेजारणी हबकायच्या. "ह्यांचा फोटो माणसापेक्षा जास्त पाणी पितोय," असं ती कुरकुरायची, पण तेवढीच कुरकुर. रंकाळा भरलेला, कोटितीर्थ भरलेलं, घरोघर आड. कोल्हापूरच्या माणसाला पाण्याचा विचार करायचं काही कारणच नव्हतं.

शाहू महाराजांना गादीवर येऊन दहा-बारा वर्षं होऊन गेली होती त्या सुमाराची ही गोष्ट. मोठा दुष्काळ आणि प्लेग, दोन्ही मागं पडले होते, पण माणसांच्या बोलण्यातून गेले नव्हते. अशात दरबारच्या एका खात्यातल्या नव्या इंजिनिअर साहेबांच्या मनात आलं की उगवतीकडच्या माळावरच्या गावांना विहिरी द्यायच्या तर आधी कुठली टंचाई किती खरी हे डोळ्यांनी बघावं. सगळीकडं स्वतः फिरणं काही त्यांना जमणारं नव्हतं. तेव्हा प्रत्येक गावच्या पाणवठ्याचा फोटो काढून आणावा, फोटो टेबलावर मांडावेत आणि ज्या गावचं पाणी सगळ्यांत हलाखीचं त्याला पहिली विहीर द्यावी, असं ठरलं. खात्यातले कारकून गणपतराव हा हुकूम घेऊन बोळात आले.

"पाण्याचा फोटो?" फक्रुद्दीन म्हणाला. "रावसाहेब, पाण्याला नाक ना डोळा. बसा म्हणावं तर बसत नाही. हलू नको म्हणावं तर ऐकत नाही."

"दरबारचं काम आहे," गणपतराव म्हणाले. "चांगलं उतरलं तर पुढची कामंही तुमच्याकडंच येतील. मात्र काचा मोजून. एका गावाला एकच."

काचा तेव्हा विलायतेहून मुंबईला यायच्या आणि मुंबईहून कोल्हापूरला येईतो त्यांतल्या काही फुटायच्या. त्यामुळं ही अट त्यालाही पटण्यासारखीच होती. कॅमेरा, तीन पायांचं तिकाटणं, काळं कापड आणि काचांची लाकडी घरं, प्रत्येकाला सरकतं झाकण, असा सगळा बाडबिस्तरा घेऊन दोघं आगगाडीनं हातकणंगल्याला उतरले आणि तिथून बैलगाडीनं माळाला लागले.

पुढं म्हातारपणी फक्रुद्दीनला कुणी विचारलं की चाचा, तुमचे सगळ्यांत चांगले दिवस कुठले, तर समोरच्याला वाटायचं की आता सरदारांच्या लग्नांचं किंवा खासबागेतल्या कुस्त्यांचं काहीतरी निघणार. तो सांगायचा उगवतीकडच्या त्या उन्हाळ्याबद्दल. ऐकणाऱ्याची निराशा व्हायची, पण याचा आवाज मऊ व्हायचा. मुरमाड माळ, पायाखाली तापलेली धूळ, एखादं बाभळीचं झाड आणि वाट उतरून खाली गेली की कोरड्या ओढ्याचं पांढरं पात्र. त्या पात्रात बायका वाळू उकरून खड्डा करायच्या आणि तळाशी जे ओल धरून येईल ते करवंटीनं घागरीत भरायच्या. याला झिरा म्हणत. एक घागर भरायला इतका वेळ लागे की बायका आपापल्या घागरी रांगेत ठेवून सावलीला जाऊन बसत. तिथं माणसांऐवजी घागरींचीच रांग असे आणि ती कुणी मोडत नसे.

काळ्या कापडाखाली डोकं घातलं की मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. आभाळ खाली, ओढा वर. दुकानात त्याला याची इतकी सवय झाली होती की तो बघायचाही नाही. इथं मात्र तो बघत राहायचा. भेगाळलेलं तळं काचेत वर टांगलेलं, त्यातून म्हशी पाय वर करून चाललेल्या. एका गावात खडकातलं कुंड होतं आणि त्यातलं हातभर पाणी इतकं निवळ की तळाचे खडे दिसत. ते बघून तो कापडाखालीच "वा" म्हणाला. गणपतराव बाहेरून ओरडले, "काय झालं? साप आहे काय?" काही गावांत झिरे दोन असत, वरचा गावाचा आणि खालचा महारवाड्याचा. गणपतराव नेहमी वरच्याकडं बोट दाखवायचे. मग फक्रुद्दीन उगाच उजेडाचं निमित्त करून तिकाटणं मागं मागं घ्यायचा, दोन्ही झिरे एका काचेत येईपर्यंत.

गावं गूळ आणि पाणी देऊन स्वागत करायची. गूळ भरपूर आणि पाणी फुलपात्राच्या तळाला. पहिल्या दिवशी त्यानं ते एका घोटात संपवलं आणि आणखी मागितलं, तेव्हा देणाऱ्या बाईनं घरातून आणून दिलं. ती आत जाताना तिच्या तोंडावर जे दिसलं, त्यानंतर त्यानं त्या माळावर दुसऱ्यांदा पाणी मागितलं नाही. घरी आडाच्या कडेला सांडणाऱ्या घागरी त्याला आठवायच्या आणि लाज वाटायची.

सगळ्यांत शेवटचं गाव तांबडेवाडी. आळत्याच्या डोंगरापलीकडं, वारणा नदीपासून दोन-अडीच कोसांवर. गणपतरावांनी दोन दिवस आधीच निरोप धाडला होता की दरबारातून फोटोवाले येणार, तुमच्या पाण्याचा फोटो काढणार, आणि तो वरपर्यंत जाणार. वाटेत भेटलेल्या गुराख्यानंही सांगितलं, "लई वाईट गाव हाय बगा. पोरी देत न्हाईत कोन तितं. पोरगी दिली म्हंजे घागरीला दिली म्हणत्यात."

गावाच्या शिवेवर पाटील आकाराम स्वतः उभे होते. फेटा बांधलेला, मिशीला तेल. फक्रुद्दीननं त्यांना ओळखलं. काही वर्षांपूर्वी ते जोतिबाच्या यात्रेवरून येताना दुकानात फोटो काढून गेले होते, काळ्या कोटात आणि साखळीसकट.

"यावा पावणं," पाटील म्हणाले. "आमचं पानी बगा, मग बोला."

ओढ्यात उतरल्यावर फक्रुद्दीन बघतच राहिला. झिरा कसला, छोटं तळंच होतं ते. कडेला दगड रचून चुना लावलेला, भोवतालची वाळू झाडलेली आणि आत काठोकाठ पाणी. त्या पाण्यात आभाळ होतं आणि पलीकडच्या करंजाची सावली होती. गावच्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून ओळीनं उभ्या होत्या. महिनाभर सुकलेले खड्डे बघितलेल्या त्याच्या डोळ्यांना ते पाणी इतकं गोड लागलं की त्याला बाकी काही सुचलंच नाही. हे असं कसं, हा प्रश्न मनात यायला हवा होता. तो आला नाही, कारण त्याला चांगला फोटो दिसत होता.

बायका लाजून मागं सरकत होत्या. एक तेवढी पुढं आली. तानाबाई तिचं नाव, वय चाळिशीच्या पुढं, नवरा प्लेगात गेलेला, घरी एक लग्नाचा मुलगा.

"मला फुडं ठेवा," ती म्हणाली. "मी हलत न्हाय."

"आक्का, मोजून होईपर्यंत श्वास धरायचा."

"धरतो की. त्यात काय हाय."

त्यानं तिला पाण्याच्या कडेला अगदी पुढं उभं केलं. कापडाखाली जाऊन दुधी काचेवर तिचा चेहरा नीट धारदार होईपर्यंत तो बराच वेळ बघत राहिला. मग काचेचं घर बसवलं, झाकण वर ओढलं, भिंगावरची टोपी काढली, मनात मोजलं आणि टोपी परत लावली. शेवटची काच होती. आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो आपण आत्ता काढला, हे त्याला कळलं होतं.

"झालं का?" तानाबाईनं न हलता विचारलं.

"झालं, आक्का."

"झालं गं!" ती ओरडली, आणि सगळ्या बायका पदर खोचून पाण्यात घुसल्या. कुणी घागर बुडवली, कुणी कळशी, कुणी हातानं पाणी लोटू लागली. ठेवणीतली लुगडी भिजली. फक्रुद्दीनला काही कळेना. मग त्यानं पाण्याकडं बघितलं. चुन्याच्या दगडांवर ओली रेघ चार बोटं खाली आली होती आणि बघता बघता आणखी खाली चालली होती. पाणी वाळूत मुरत होतं.

"काय चाललंय हे?"

"आनलेलं पानी हाय, पावणं," तानाबाई घागर उचलत म्हणाली. "काल दिसभर गाड्या चालल्यात वारणंवरनं. पखालीबी आनल्या, तुमी यायच्या जरा आदी वतलं. मुरायच्या आत भराय नगं?"

फक्रुद्दीन तसाच पाटलांकडं गेला. त्यानं पाटलांना सगळं सांगितलं. फोटो कशासाठी काढतात, टेबलावर कसे मांडणार आणि हा फोटो बघून साहेब काय म्हणणार, तेही. साहेब म्हणणार की तांबडेवाडीला पाण्याची ददात नाही. बायकांच्या हातातल्या घागरी तशाच राहिल्या. पाटलांचा चेहरा उतरला, पण माणूस वाकणारा नव्हता.

"मग काय रिकामा खड्डा दावायचा महाराजांस्नी? बायका बुडाला बसून करवंटीनं खरवडत्यात, त्ये दावायचं? आमची काय अब्रू हाय का न्हाय?"

"पाटील, खरं दाखवायला नको काय?"

"खरं?" आकाराम पाटील एकदम उसळले. "तुमच्या दुकानात मला कोट कुनी घातला? तुमीच न्हवं? तवा न्हाय म्हनालासा, पाटील, बंडी हाय तर बंडीवर बसा. साखळी लावलीसा. घड्याळ हुतं का त्याला? मी एकट्यानं बरं दिसायचं आनि गावानं दिसायचं न्हाय?"

त्या गावानं आपल्या पाण्याला कोट चढवला होता, एवढंच. आणि ही रीत ते त्याच्याच जिन्याच्या तोंडाशी शिकून आले होते.

परतीच्या वाटेवर गणपतराव म्हणाले, "जे निघालं ते निघालं. काचा संपल्या. आणि फोटो सुरेख येणार, साहेब खूश होतील. तुमचं काम झालं." माणूस वाईट नव्हता. त्याला पुन्हा त्या माळावर यायचं नव्हतं, आणि त्यात नवल काही नाही.

घरी आल्यावर फक्रुद्दीननं सगळ्या काचा धुतल्या, एक सोडून. कुलसुम घागर घेऊन उभीच होती. "ही राहिली की," ती म्हणाली. त्यानं तिला तांबडेवाडीची गोष्ट सांगितली. तिनं हातातली घागर खाली ठेवली.

"नका धुवू," ती म्हणाली. "एकदा बघितलीत की तुमच्यानं मोडवणार नाही."

बरोबर ओळखलं होतं तिनं. न धुतलेल्या काचेवर फोटो असतो आणि दिसत मात्र नाही. नुसती पिवळट दुधाळ काच. पुढचे दोन-तीन दिवस ते काचेचं घर फळीवर होतं आणि फक्रुद्दीन जिन्यावरून जाता-येता त्याच्याकडं बघायचा. ते पाणी, ती सावली, पुढं उभी असलेली ती बाई. धुवून टाकावी, निदान एकदा बघावी, मग ठरवू, असं त्याला दर खेपेला वाटायचं. शेवटी त्यानं स्वतःच्या साठ्यातली एक कोरी काच घेतली, जुनी काच तिच्या घरासकट पेटीत घातली आणि कुणाला न सांगता एकटाच गाडीत बसला.

तांबडेवाडीत या खेपेला शिवेवर कुणी नव्हतं. चावडीवर बसलेल्या माणसांनी तोंडं फिरवली. पाटलांनी घरातूनच सांगितलं, "आमचा फोटू झालाय. दुसरा काडायचा न्हाय. झिऱ्यावर कोन हुबं ऱ्हानार न्हाय, सांगून ठेवतो." फक्रुद्दीन तिकाटणं खांद्यावर घेऊन ओढ्यात उतरला. चुन्याचे दगड तसेच होते, मधे खड्डा. खड्डा आता माणूसभर खोल झाला होता. कडेला घागरींची रांग होती, बायका करंजाखाली बसल्या होत्या. त्याला बघून एकेक उठली आणि झाडामागं गेली.

खड्ड्यातून आवाज आला, "कोन हाय?"

तानाबाई तळाशी बसली होती. तिचीच पाळी होती. फक्रुद्दीननं वाकून सगळं सांगितलं. पाटील नको म्हणतात हेही लपवलं नाही.

"पाटलाच्या घरात सुना आल्यात," ती खालूनच म्हणाली. "माज्या जोतीरामाला दोन ठिकानी न्हाय म्हनून सांगितलंय. पोरगं चांगलं हाय, रान हाय, पन पानी न्हाय. मी काय अब्रूला घागर लावू?"

मग ती दगडांत पाय रोवून अर्धी वर आली आणि त्याच्याकडं रोखून बघत म्हणाली, "त्यो पैला फोटू कुटं हाय?"

"पेटीत आहे."

"मग ह्योबी जाईल आनि त्योबी जाईल. साहेब बरा दिसतोय त्योच धरून बसंल. त्यो मोडा. माज्याम्होरं मोडा."

फक्रुद्दीननं पेटी उघडली. "आक्का, यात तुमचा चेहरा आहे. एवढाच आहे. मला परत असा मिळायचा नाही."

"मी कशी दिसती त्यात?"

"अजून कुणी बघितलेलं नाही. मीपण नाही."

आपला फोटो कसा दिसतो हे बघावंसं तिला वाटलं असणार, कुणाला वाटणार नाही? पण ती म्हणाली, "मोडा."

मोडायची गरजच नव्हती. त्यानं काचेच्या घराचं झाकण ओढून काढलं आणि काच उन्हात धरली. दुधासारखी होती ती हळूहळू मळकट झाली, मग करडी. तानाबाई मान वर करून बघत होती.

"हितं तर काईच न्हवतं," ती म्हणाली.

"होतं, आक्का. उन्हात गेलं."

"जाऊ दे. चला, माजी पाळी चाललीया."

ती पुन्हा खाली गेली. त्यानं तिकाटणं खड्ड्याच्या तोंडाशी रोवलं, कापडाखाली शिरला आणि म्हणाला, "आक्का, तोंड वर करा."

"वर केलं तर करवंटी सांडंल. तोंड काय करायचं हाय? करवंटी वर दिऊ काय?"

आणि तिनं हात वर केला. खड्ड्याच्या अंधारातून फक्त तो हात बाहेर आला, कोपरापर्यंत ओल्या वाळूनं माखलेला, बोटांत करवंटी, करवंटीत तळाला गढूळ पाणी. अंधार होता म्हणून त्याला बराच वेळ मोजावं लागलं. हात हलला नाही.

हा फोटो दरबारात गेला. गणपतरावांनी आधी कपाळाला हात लावला, "यात पाणी कुठं आहे?" म्हणाले, मग साहेबांच्या टेबलावर बाकीच्यांबरोबर तोही ठेवला. साहेबांनी काय विचारलं आणि कोण काय बोललं हे फक्रुद्दीनला कधी कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तांबडेवाडीत सुरुंगाचे आवाज घुमू लागले, एवढं त्याच्या कानावर आलं. खडक कठीण लागला, दोन उन्हाळे गेले, पण पाणी लागलं. आकाराम पाटलांनी विहिरीवर नारळ फोडला आणि फोटोवाल्याला बोलावलं नाही. फक्रुद्दीनला त्याचं वाईट वाटलं, आणि बोलावलं असतं तर आपण कोट घेऊन गेलो असतो काय, असं वाटून हसूही आलं.

वर्षं गेली. शमशुद्दीन गेले, दुकानात दुसरा कोट आला, कुलसुमचे केस पिकले. त्या उन्हाळ्यातला माळ फक्रुद्दीनच्या मनातून मात्र हलला नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी बसला की भरलेलं पाणी बघता बघता त्याला वाळूतलं ओलं तळ दिसायचं, आणि उलटं आभाळ. त्यानंतर त्यानं चेहऱ्यांचे पुष्कळ फोटो काढले, पैसाही बरा मिळाला, पण तसं बघणं पुन्हा झालं नाही, असं तो कुलसुमला सांगायचा. ती म्हणायची, "मग जाऊन या एकदा." तो गेला नाही. विहीर झालेल्या गावात झिरा कोण ठेवणार?

एके दिवशी जिन्यावर दोघं चढून आली. एक रांगडा तरुण आणि त्याच्यामागं हळदीच्या अंगाची त्याची बायको. गडी कोटाकडं बघतसुद्धा नव्हता.

"मी तांबडेवाडीचा. तानाबाईचा जोतीराम," तो म्हणाला. "आई गेली, दोन सालं झाली."

फक्रुद्दीननं त्याला बसायला सांगितलं. पाणी मागवलं. विहिरीचं काय, म्हणून विचारलं.

"दोन सालं प्याली आई हिरीचं. पोटभर प्याली. रोज म्हनायची, गोड हाय, गोड हाय." त्यानं बायकोकडं बघितलं. "ही बायडा. हिच्या बाबानं आदी हिर बघितली, मग मला बघितलं."

बायडा पदराआड हसली.

"आमाला आमचा फोटू नगं," जोतीराम म्हणाला. "गावात म्हनत्यात, पैल्या खेपंला तुमी समद्या बायकांचा काडलासा. आई फुडं हुती म्हनं. त्यो द्या. हिनं सासू बघितली न्हाय. घरात आईचं तोंड न्हाय कुटं."

फक्रुद्दीन उठला आणि फडताळातून हाताचा फोटो काढून त्यानं दोघांपुढं ठेवला. जोतीरामनं तो ओळखला. त्याला हुंदका फुटला, त्यानं फोटो कपाळाला लावला. पण मग तो पुन्हा वर बघू लागला, दुसऱ्या फोटोची वाट बघत. तेव्हा फक्रुद्दीनला सांगावंच लागलं. ती काच मोडायला कोणी सांगितलं, कशासाठी, आणि उन्हात ती कशी करडी झाली. विहिरीच्या पायी त्या बाईनं आपला एकुलता एक चेहरा देऊन टाकला होता आणि तो घेणारा हात आपला होता, हे त्याला इतक्या वर्षांत एवढं कधी लागलं नव्हतं.

जोतीरामनं हाताचा फोटो मांडीवर ठेवला. मग त्यानं विचारलं, "काडताना तुमी बघितलं असंल न्हवं तिला? त्या कापडाखालनं?"

"बघितलं. बराच वेळ."

"मग सांगा की. कशी हुती?"

फक्रुद्दीननं डोळे मिटले. आयुष्यभर त्यानं माणसांना बसवलं होतं, वळवलं होतं, हनुवटी वर करा म्हटलं होतं, पण चेहरा सांगावा कसा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो चाचपडत सांगू लागला. हिरवं लुगडं, डोईवरचा पदर उन्हामुळं कपाळापर्यंत ओढलेला. उन्हाच्या तिरिपेनं डावा डोळा थोडा बारीक झालेला. नाकात मोरणी, एका बाजूला झुकलेली. वरचा ओठ घट्ट मिटलेला, श्वास धरला होता म्हणून. पण खालच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू अडवून धरलेलं, कारण मागं कुणीतरी बाई काहीतरी चेष्टेचं बोलली होती आणि हिला हलायचं नव्हतं. हनुवटीवर गोंदण, तीन ठिपके. गळ्याशी एक शीर उडत होती. आणि नजर भिंगाकडं नव्हती, जरा पलीकडं, पाण्याकडं होती.

बायडा ऐकता ऐकता पुढं सरकून बसली होती.

"व्हय," जोतीराम डोळे पुसत तिला म्हणाला. "हीच. आईच ही."